अंडे मुलीला नाही, व्यवस्थेला गरम पडते

विहारातल्या महिलांच्या बैठकीत मुलांच्या आहारावर चर्चा सुरू होती. एक आई उठून म्हणाली, "दादा, पोराला अंडं देते, पोरीला नाही देत. गरम पडतं. लवकर पदर येतो." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. आम्ही हसलो नाही. तिच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे आणि खूप मोठी भीती आहे. दोन्ही वेगळे करून पाहायला हवे.

तथ्य असे. बालपणीच्या आहाराचा आणि वयात येण्याचा संबंध आहेच. शरीरातली चरबी लेप्टिन नावाच्या संप्रेरकाद्वारे मेंदूला साठ्याची खबर देते. साठा अपुरा असेल तर शरीर वयात येणे पुढे ढकलते. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई सोसलेल्या युरोपीय देशांत मुलींची पहिली पाळी लांबली होती. तिथेच एकोणिसाव्या शतकात सोळा-सतराव्या वर्षी येणारी पाळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेराव्या वर्षाच्या आसपास आली. हवामान तेच होते. ताट भरले, रोगराई घटली.

'उष्ण देशातल्या मुली लवकर पिकतात' हा जुना समज इथेच कोसळतो. भारतातून दत्तक गेलेल्या मुलींचा स्वीडनमध्ये अभ्यास झाला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या थंड देशात या मुलींची पाळी मध्यमान ११.६ वर्षांनी, स्वीडिश मुलींच्याही आधी आली. आधी उपासमारीने खुंटलेल्या आणि नंतर झपाट्याने वाढलेल्या मुलींत ती विशेष लवकर आली. धोका बालपणीच्या भुकेत आहे. लठ्ठपणाचाही लवकर वयात येण्याशी संबंध दिसतो. तरीही आपल्या वस्तीत अंडे बंद आणि पाच रुपयांचा तळलेला पुडा रोज चालू!

आता भीती. आईला पाळीची भीती नाही. 'पदर आला म्हणजे लग्नाला आली' म्हणणाऱ्या समाजाची भीती आहे. १८९१ मध्ये संमतीवय दहावरून बारा करणारा कायदा आला, तेव्हा सनातन्यांनी पहिल्या पाळीनंतरच्या गर्भाधान संस्काराची ढाल पुढे केली. टिळकही कायद्याच्या विरोधात उभे राहिले. बालविवाह जात टिकवण्याचे साधन कसे आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या आपल्या जातिविषयक निबंधात दाखवले. आजही महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. मग मुलीचे लग्न लांबवायला तिला उपाशी का ठेवायचे? लग्न लांबवा, ताट भरा!

सरकारचे काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून 'लोकसहभागातून द्या' असे शाळांना सांगण्यात आले. ज्यांच्या घरी अंडे परवडत नाही, त्यांच्याच पालकांनी वर्गणी काढायची का? ही मुले कोणत्या वस्त्यांतली आहेत, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून कार्यकर्त्यांनो, तीन कामे करा. अंड्यासाठी निवेदने द्या. वस्तीत आईला, आजीला आणि बापालाही समजवा: मुलामुलीचे ताट समान. आठ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तर मुलीला डॉक्टरांकडे न्या, देवऋषीकडे नको.

पाळी आली म्हणजे मुलगी वाढते आहे, एवढेच. तिची शाळा चालू राहिली पाहिजे.

जय भीम!