निरोप पोचतो, काम अडतं



गणेशोत्सव असो की कुणाच्या मुंजीचं जेवण, आपल्या माधवगंजात शुगर, बीपी आणि गुडघे यांवर अगदी मोकळेपणानं बोलणं होतं. कुणाची शुगर किती, हे सगळ्या गल्लीला पाठ असतं. पण कुणाच्या मुलीला पीसीओडी आहे हे मात्र स्वयंपाकघरात, आवाज खाली करून सांगतात. स्थळं बघणं सुरू असेल तर तेवढंही नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधली बी.ई. आहे. माझं स्वतःचं निदान पंचविसाव्या वर्षी झालं. तेव्हा दोन सल्ले मिळाले, ‘वजन कमी कर’ आणि ‘लग्न झालं की आपोआप ठीक होईल’. नेमकं बिघडलंय काय, हे मला पुढे वाचूनच कळलं. तेच आज सोपं करून सांगते.

आधी सुरळीत चाललेलं काम बघू. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हार्मोन रक्तात सोडते. ते अंड्याभोवतीच्या पेशींपर्यंत जातं, पण आत शिरत नाही, दारावरच्या रिसेप्टरला चिकटतं. दाराच्या आतल्या बाजूला ॲडिनाइल सायक्लेज हे एन्झाइम असतं. ते सायक्लिक एएमपी नावाचे छोटे रेणू भराभर बनवतं. त्यांनी प्रोटीन कायनेज ए हे दुसरं एन्झाइम जागं होतं आणि इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडत सुटतं. फॉस्फेट जोडला की एखादं प्रथिन चालू होतं, एखादं बंद. साखळीच्या शेवटी ॲरोमाटेज हे एन्झाइम वाढतं आणि ते अँड्रोजेनचं, म्हणजे ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो त्याचं, इस्ट्रोजेन करतं. हो, अँड्रोजेन प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात बनतंच, ते कच्चा माल आहे! हार्मोनचा निरोप पेशीच्या आत कसा जातो हे उलगडल्याबद्दल अर्ल सदरलंड यांना १९७१ चं नोबेल मिळालं, आणि फॉस्फेटच्या या बटणाबद्दल फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ चं.

आता बिघाड. इन्शुलिनचा रिसेप्टर स्वतःच एक एन्झाइम आहे. इन्शुलिन चिकटलं की तो आतल्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून ‘रक्तातली साखर आत घ्या’ असा निरोप पुढे पाठवतो. पीसीओडी असलेल्या बऱ्याच जणींमध्ये निरोप दारापर्यंत पोचतो, पण स्नायूंच्या पेशींत पुढची साखळी मंदावते. मग शरीर काय करतं? जास्त इन्शुलिन सोडतं. आमच्या कामात सर्व्हर उत्तर देईना की प्रोग्राम तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवतो, तसंच. पण अंडाशयाचे कान शाबूत असतात. वाढलेलं इन्शुलिन त्यांना मोठ्यानं ऐकू येतं आणि ते गरजेपेक्षा जास्त अँड्रोजेन बनवतात. त्यामुळे अंड्यांच्या पिशव्यांची वाढ अर्ध्यातच थांबते, पाळी लांबते, चेहऱ्यावर मुरुमं आणि केस येतात. सोनोग्राफीत दिसतात त्या खरं तर गाठी नसतातच, त्या वाढ थांबलेल्या पिशव्या असतात.

मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी या आजाराशी संबंध दिसलेल्या जनुकांचा एक डेटाबेस बनवलाय, नाव पीसीओएसकेबी. पहिल्या आवृत्तीत २४१ जनुकं होती, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत ५३३ झाली. इंटरनेटवर तो कुणालाही बघता येतो. एवढ्या जनुकांचा हात असलेल्या आजाराला ‘सकाळी बेडई खाते म्हणून झालं’ हे उत्तर पुरत नाही. अंगानं सडपातळ मुलींनाही तो होतो. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्यानं आणि चालण्या-फिरण्यानं फायदा होतो हे खरंच आहे, कारण त्यानं स्नायू इन्शुलिनचं पुन्हा ऐकू लागतात. पण तो उपचार आहे, मुलीच्या चुकीची शिक्षा नव्हे. आणि लग्न हा तर उपचारही नाही.

लपवण्यानं नुकसान होतं ते असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण दर दहा बायकांत एकीला हा त्रास असतो, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना त्याचा पत्ताही नसतो. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, तेही धोक्याचंच. म्हणून तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, साखरही तपासून घ्यायची. आणखी एक. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शाळकरी मुलीचा रिपोर्ट बघून घाबरून जाऊ नका.

स्थळाचं म्हणाल, तर माझं मत स्पष्ट आहे. मुलाच्या वडिलांची शुगर जशी सहज विचारली-सांगितली जाते, तसंच हेही सांगावं, स्वतः मुलीनं आणि तिला सांगायचं असेल तेव्हा. योग्य उपचारांनी यातल्या बहुतेक जणींना मुलं होतात. आणि भावांनो, हा लेख ‘बायकांचा विषय’ म्हणून पुढे सरकवू नका. पुढच्या वेळी ताईला दवाखान्यात न्यायचं असेल, तर स्कूटर तुम्ही काढा.