बारा व्होल्टांचा विस्तव

मोटारीत गाणे ऐकू नये असे म्हणण्याइतके आम्ही अरसिक नाही. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतला रेडिओ विक्रीस आणला. तेव्हापासून चाके आणि सूर यांची जी सोबत जुळली, ती आजतागायत सुटलेली नाही. खंडाळ्याचा घाट चढताना भीमसेनांचा अभंग भरघोस आवाजात ऐकावासा वाटला, आणि गाडीबरोबर आलेल्या स्टीरिओला तो पेलेना म्हणून कोणी डिकीत ॲम्प्लिफायर बसवून घेतला, तर त्याचा आम्हांस मुळीच विषाद नाही. आमची तक्रार आहे ती या ॲम्प्लिफायरला बॅटरीची वीज पोहोचविणाऱ्या तारेविषयी, आणि त्या तारेवर जो फ्यूज असावयास हवा व पुष्कळदा नसतो, त्याविषयी.

‘बारा व्होल्टांनी काय होणार?’ असा प्रश्न दुकानदारही करतो आणि गिऱ्हाइकही करते. हाताला झटका बसत नाही म्हणून ही वीज निरुपद्रवी, असा हा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. ५०० वॉट वीज घेणारे उपकरण घरातील २३० व्होल्टांवर चालविले तर तारेतून जेमतेम सव्वादोन अँपिअर प्रवाह जातो. तेवढीच वीज मोटारीच्या १२ व्होल्टांवर घ्यावयाची तर प्रवाह ४० अँपिअरांच्या वर जातो. तार तापते ती प्रवाहाने, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्यात मोटारीची बॅटरी म्हणजे काही खेळण्यातला सेल नव्हे. तिची दोन टोके एकमेकांस भिडली तर ती क्षणार्धात शेकडो अँपिअर ओतू शकते. झटका न देणारी ही वीज गाडी मात्र जाळू शकते.

आता ही तार जाते कशी ते पाहावे. बॅटरी बॉनेटखाली, ॲम्प्लिफायर डिकीत. मधले चार-पाच मीटर अंतर तार पत्र्याच्या भोकातून, पायांखालच्या गालिच्याखालून आणि आसनांच्या बाजूने कापते. मोटारीचा सारा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. भोकाच्या धारदार कडेला ग्रोमेट म्हणतात ते रबरी कडे बसविले नाही, तर आपल्या रस्त्यांवरील प्रत्येक खड्ड्यागणिक तारेचे आवरण थोडे थोडे घासत राहते. एके दिवशी आतले तांबे पत्र्याला टेकते. ॲम्प्लिफायरच्या अंगचा फ्यूज अशा वेळी कामास येत नाही. तो तारेच्या पलीकडच्या टोकाला असतो, आणि वीज तर वाटेतच पत्र्यात उतरलेली असते. म्हणून बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे आपल्या जुन्या मापाने एका हाताच्या अंतरात, फ्यूज बसविलाच पाहिजे. हा फ्यूज यंत्रासाठी नसून तारेसाठी आहे, आणि पर्यायाने गाडीत बसलेल्या मुलाबाळांसाठी आहे.

परंतु व्यवहारात काय चालते? काटकसर नेमकी इथेच होते. हजारो रुपयांचा ॲम्प्लिफायर घेणारा गृहस्थ तारेच्या किमतीवर घासाघीस करतो, आणि दुकानदार तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच्या गळ्यात बांधतो. तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो, म्हणजे तीच जाडी अपुरी पडते. ऋण बाजूची तार पत्र्यावरचा रंग न खरवडताच स्क्रूखाली दाबली जाते. फ्यूज उडालाच, तर तो का उडाला हे न शोधता त्याच्या जागी मोठा फ्यूज बसवितात, किंवा तांब्याचा तुकडा अडकवून मोकळे होतात. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

याचा सारा दोष हातात पक्कड धरणाऱ्या पोरावर ढकलणे आम्हांस अन्यायाचे वाटते. तो पाहून पाहून शिकला. त्याला कोणी शिकविले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा कामगारांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग चालवावेत. दुकानदारांनी तारेची धातू व जाडी, फ्यूजचे अँपिअर आणि त्याची जागा बिलावर लिहून द्यावी. जो हे लिहून देण्यास कचरतो, त्याच्या कामावर विश्वास तरी कसा ठेवावा? विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. त्यांत १२ व्होल्टांच्या छोट्या बॅटरीखेरीज शेकडो व्होल्टांची मुख्य बॅटरी असते, आणि तिच्या नारिंगी तारांना अशिक्षित हात लागणे म्हणजे प्राणाशी गाठ आहे.

शेवटी जबाबदारी येते ती गाडीच्या मालकावर. काम सुरू होण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडविले आहे की नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. काम संपल्यावर पैसे मोजण्याआधी बॉनेट उघडावयास लावावे आणि एकच प्रश्न विचारावा : ‘फ्यूज कोठे आहे?’ बोट बॅटरीजवळच्या फ्यूजकडे वळले तर खुशाल गाणे लावावे. ते डिकीकडे वळले, तर गाडी तेथून हलवू नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.