मायेचा खोटा दाखला

चारपाच मंडळींनी मेजाभोवती बसून, फाशांच्या साहाय्याने आणि बव्हंशी कल्पनेच्या बळावर, एखाद्या अद्भुत राज्यातील साहसे अनुभवावीत, आणि त्यांच्यापैकी एकाने ‘डंजन मास्टर’ होऊन त्या राज्याचा कर्ता, निवेदक व न्यायाधीश ही तिन्ही कामे एकट्याने सांभाळावीत, असे १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे स्थूल स्वरूप आहे. या खेळात जादू ओळखण्याचा मंत्र आहे, तशी त्या मंत्रालाच चकविणारी मायाही आहे. आणि तिचा प्रयोग झाला की खेळाडू अन्यायाची ओरड करतात. ती ओरड बहुधा गैरलागू असते, आणि जेव्हा रास्त असते तेव्हाही कसूर मायेची नसून डंजन मास्टरची असते, असे माझे मत आहे.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘डिटेक्ट मॅजिक’ हा पहिल्या पातळीचा मंत्र तीस फुटांच्या आतील जादूची चाहूल देतो आणि जादू धारण करणाऱ्या वस्तूभोवतीचे वलय दाखवून त्या जादूची शाखाही सांगतो. शिवाय तो सावकाश, विधिपूर्वक म्हटला तर मंत्रशक्तीचा काहीच खर्च होत नाही. शिशाचा पातळ पत्रा त्याला अडवितो खरा, पण शिशाने मढविलेली पेटी पाहताच आत काहीतरी दडविले आहे हे शेंबडे पोरही ओळखील. ‘निस्टल्स मॅजिक ऑरा’ या दुसऱ्या पातळीच्या मायामंत्राची मातब्बरी अशी की तो शोधकाला निरुत्तर ठेवीत नाही. खोट्या शिक्क्याच्या दस्तऐवजाप्रमाणे बेमालूम असे चुकीचे उत्तर त्याच्या हाती ठेवतो. साध्या सुरीभोवती वलय दिसते, मंतरलेली अंगठी निव्वळ धातूची भासते, आणि प्रेतयोनीतला वजीर पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या, प्रेतयोनी ओळखणाऱ्या ‘डिव्हाइन सेन्स’ या शक्तीलाही जिवंत माणूसच वाटतो.

आता या वजिराचेच प्रकरण घ्या. मंत्राची मुदत चोवीस तासांची. परंतु त्याच व्यक्तीवर, त्याच परिणामासाठी, तो सलग तीस दिवस रोज टाकला तर कोणी उतरवीपर्यंत टिकतो. म्हणजे महिनाभर दरबारी जादूगार रोज वजिराच्या महालात गेला असला पाहिजे, त्या भेटी कोणा हुजऱ्याच्या नजरेस पडल्या असल्या पाहिजेत, आणि माया मंत्रांना फसवीत असली तरी मुदपाकखान्याला फसवीत नसल्यामुळे, वजिराचे ताट रोज न उष्टावता परत येते हे आचाऱ्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. जो खेळाडू एका मंत्रावर विसंबून आचाऱ्याची जबानी घेण्याचे टाळतो, त्याने फसल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

मात्र खेळाडूंच्या शोधमंत्राला कंटाळून जो डंजन मास्टर ऐनवेळी हव्या त्या वस्तूवर खोटे वलय चिकटवितो, त्याची तरफदारी मी करणार नाही. कारण त्या मायेला ना कर्ता असतो ना हेतू, आणि दोनचार वेळा असे झाले की तो मंत्र घेण्याचेच खेळाडू सोडून देतात. याच गृहस्थाच्या दरोडेखोरांपुढे खेळाडूंनी खोट्या वलयाची सुरी टाकून खरी अंगठी वाचवू पाहिली, तर तो हटकून असा काथ्याकूट करतो की माया हीदेखील जादूच असल्याने तिचे स्वतःचे वलय दिसलेच पाहिजे. हा अर्थ मान्य केला तर मंत्राचे प्रयोजनच उरत नाही. तेव्हा दरोडेखोरांच्या मांत्रिकाला ती सुरी खुशाल घेऊन जाऊ द्यावी. आणि आपल्या वजिरावरची माया कोणी, केव्हा, कशासाठी घातली, हे डंजन मास्टरने खेळ सुरू होण्यापूर्वीच आपल्या वहीत टिपून ठेवावे, आणि प्रकरणाचा उलगडा झाल्यावर कोणी हरकत घेतलीच, तर ते पान त्याच्यापुढे उघडून धरावे.