शाळेची किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, शाळा सुटली की त्या इमारतीचं पुढे काय होतं? गावात किंवा आपल्या वॉर्डात शाळेइतकी पक्की, ऐसपैस जागा सहसा दुसरी नसते. म्हणून मतदान तिथे, लसीकरण तिथे, लग्नाचं वऱ्हाडही तिथेच! माझी त्याला हरकत नाही. सगळ्यांच्या पैशातून बांधलेली जागा अर्धा दिवस कुलपात का राहावी? पण सोमवारी सकाळी मुलींच्या संडासात पाय ठेववत नाही, पाण्याची टाकी कोरडी आणि फळ्यापाशी उष्ट्या पत्रावळी. मी शिकवते तिथे हे पाहिलंय. अशा दिवशी मोठ्या मुली जेवणाच्या सुट्टीत घरी जातात, त्या परत येतच नाहीत. यात दोष वऱ्हाडाचा कमी, आखणीचा जास्त.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. घरांबरोबर शाळा, समाजमंदिरंही उभी राहिली. रस्ते रुंद झाले, पण जुन्या गल्ल्या गेल्या, अंतरं वाढली. अशा पसरलेल्या वस्तीत शाळा, वाचनालय आणि बचत गटाची खोली एकाच आवारात असली, तर बाईची एक खेप वाचते.

‘बांधकामातलं आपल्याला काय कळतं?’ असं मात्र म्हणू नका. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला मंडळांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं. घर मजबूत कसं करायचं, हे त्यांनीच घरोघर समजावलं.

तेव्हा नव्या शाळेचा नकाशा आला की एवढं बघाच:

सभेच्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार हवं, आणि वर्गांकडची वाट बंद करता यावी.

मुलांचे संडास निराळे, बाहेरच्यांचे निराळे. टाकीही निराळी.

तक्ते, खेळणी, पुस्तकं यांना कुलपाचं कपाट.

आवारात संध्याकाळी दिवा.

किल्ली कुणाकडे आणि सफाईचा खर्च कुणाचा, हे आधीच लिहून ठेवावं.

बोलायचं कुठे? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊणहिस्सा सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया लागतात. तिथे नुसती सही करून उठू नका. स्लॅब पडल्यावर दार फोडायचं म्हणजे दुप्पट खर्च. त्याआधीच विचारा, ‘दुसरं दार कुठे आहे?’