पंधरा गुणांचे अंतर

ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या दूरचित्रवाणीवरील विद्यार्थ्यांच्या प्रश्नमंजूषेचा २०१९ सालचा अंतिम सामना एडिंबरो विद्यापीठाने ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉल या महाविद्यालयावर १५५ विरुद्ध १४० अशा गुणांनी जिंकला. एडिंबरोचे हे पहिलेच विजेतेपद. करंडक दिला गेला, विजेत्यांची नोंद झाली आणि उपविजेते विस्मृतीत गेले. स्पर्धेचा हा रिवाजच आहे. तथापि त्या पंधरा गुणांपाशी क्षणभर थांबणे उपयुक्त ठरेल.

या स्पर्धेचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक संघात चार विद्यार्थी असतात. आरंभीचा प्रश्न दहा गुणांचा असतो. जो प्रथम कळ दाबील त्याने सहकाऱ्यांशी विचारविनिमय न करता त्याचे उत्तर द्यावयाचे. उत्तर बरोबर आल्यास त्याच्या संघाला प्रत्येकी पाच गुणांचे तीन पुरवणी प्रश्न मिळतात. प्रश्न मध्येच तोडून चुकीचे उत्तर दिले, तर पाच गुण वजा होतात. आता समजा, एडिंबरोने जिंकलेला एकच आरंभीचा प्रश्न पलीकडच्या संघाने क्षणभर आधी कळ दाबून घेतला असता. पुरवणी गुण बाजूस ठेवले तरी गुणफलक १४५ विरुद्ध १५० असा झाला असता आणि करंडक ऑक्सफर्डला गेला असता. आठ तरुणांच्या कित्येक वर्षांच्या वाचनाचा निवाडा बोटाच्या एका हालचालीवर टेकला होता, असा याचा अर्थ.

यात अन्याय झाला असे मुळीच नाही. नियम दोघांना सारखे होते आणि खेळात कोणीतरी जिंकावेच लागते. चूक होते ती आपल्या वाचनात. सामन्याचा निकाल लावण्यासाठी पंधरा गुण पुरेसे असतात. ज्ञानाचे माप घेण्यास ते पुरेसे नसतात. या दोन गोष्टींतील भेद आपण विसरतो. खेळात या विस्मरणाची किंमत एका करंडकाएवढीच असते. परंतु प्रवेशयादीत शेवटचे नाव आणि त्याखालचे वगळलेले नाव यांत अर्ध्या गुणाचे अंतर असते, तेव्हा तोच अर्धा गुण एकाला ‘हुशार’ आणि दुसऱ्याला ‘सामान्य’ ठरवून मोकळा होतो. अर्थशास्त्रात ज्याला आपण सीमान्त फरक म्हणतो, त्यालाच समाज माणसाची संपूर्ण किंमत समजू लागतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. त्या मेजापर्यंत पोचते कोण? ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे प्रत्येक महाविद्यालय या स्पर्धेत आपला स्वतंत्र संघ पाठवू शकते. इतर बहुतेक विद्यापीठांना एकेकच संघ. १९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने याचा निषेध म्हणून प्रश्न कोणताही असो, मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गेव्हारा अशी उत्तरे देण्याचा सपाटा लावला. तो पोरकटपणा होता, हे मान्य. पण त्यामागील आक्षेप पोरकट नव्हता. कळ दाबण्याची संधी सर्वांना सारखी असली, तरी कळीपर्यंत पोचण्याची संधी सारखी नव्हती.

नियम बदलला नाही. मँचेस्टरने मात्र पुढे वेगळा मार्ग धरला. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एका कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षे संघ निवडले, त्यांच्याकडून सराव करून घेतला, आणि २००६, २००९, २०१२ व २०१३ असे चार वेळा विजेतेपद त्या विद्यापीठाकडे आले. यांपैकी २००९ चे विजेतेपद प्रतिस्पर्धी संघातील एक जण विद्यार्थी राहिला नसल्याचे उघड झाल्यामुळे मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. तरीही धडा स्पष्ट आहे. निषेधाने जे साधले नाही, ते ग्रंथालयाने बरेचसे साधले.

आपल्याकडेही हा खेळ परका नाही. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’च्या भारतीय आवृत्तीचे पहिले विजेतेपद २००४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळविले. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण हे दोन्ही कार्यक्रम इंग्रजीतून झाले, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयाचा संघ काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत दहा गुणांनी हरला. शेवटचा प्रश्न आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया घालणारी १९४४ ची परिषद कोठे भरली, असा होता. आमच्या संघातील तालुक्याहून येणाऱ्या विद्यार्थिनीला ‘ब्रेटन वुड्स’ हे उत्तर पाठ होते. तिने त्या विषयावर निबंधच लिहिला होता. परंतु प्रश्न इंग्रजीतून आला. तो मनातल्या मनात मराठीत आणीपर्यंत पलीकडून कळ दाबली गेली होती. परतीच्या एस.टी.त ती एवढेच म्हणाली, “सर, मला येत होतं.” पुढच्या वर्षी ती सरावाला आली नाही. दहा गुण गेले त्याचे दुःख नाही. आपल्याला येत होते यावरचा तिचा विश्वास गेला, आणि तो परत मिळवून देण्यास मी कमी पडलो, ही बोच मात्र आजही आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. महाविद्यालयाची अभ्यासिका संध्याकाळी उघडी ठेवावी. प्रश्न मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वाचावेत आणि कळ दाबण्यास दोन्ही वाचने पूर्ण झाल्यावरच मुभा द्यावी. दरवर्षी तेच चार ‘चमकते’ विद्यार्थी न पाठविता नव्यांना आळीपाळीने संधी द्यावी. आणि सामना थोडक्यात हरून आलेल्या संघाला शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी वर्गात उभे करून त्याचे कौतुक करावे.

जिंकलेल्यांसाठी टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. शिक्षकाचे काम पंधरा गुणांच्या पलीकडच्या बाजूला सुरू होते.