वरातीतली घोडी आणि आपण

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मलकापुरात लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि घोडीवाल्यांचे दिवस येतात. संध्याकाळी गॅलरीत बसलं की वरात दिसतेच. पुढे डीजेची गाडी, तिच्यामागे नाचणारी पोरं, मध्येच फटाक्यांची माळ, आणि या सगळ्यात झूल-गोंडे घातलेली घोडी. तिच्यावर फेटा सांभाळत बसलेला नवरदेव आणि त्याच्यापुढे करवला म्हणून बसवलेलं चार-पाच वर्षांचं पोर.

यंदा आपल्या नात्यातही लग्नं आहेत. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझं सांगणंही वरातीमागून घोडे व्हायचं. घोडी आणा किंवा डीजे आणा. दोन्ही एकत्र आणू नका.

आता हे मत का, ते जरा सविस्तर सांगतो. मास्तरकीची सवय, सांभाळून घ्या.

'घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये' ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. साहेबाचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं, घोड्याचं कारण मात्र कोणी विचारत नाही. ते असं आहे. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. वाघ-लांडग्यांपासून वाचायचं तर दोनच उपाय, पळणं आणि पळता नाही आलं तर लाथ झाडणं. म्हणून त्याचे डोळे आपल्यासारखे समोर नसून डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दोनच जागा अंधाऱ्या राहतात, एक अगदी शेपटीमागे आणि दुसरी कपाळासमोर, नाकाच्या अगदी जवळ. आपण नेमकं काय करतो? मागून येऊन पाठीवर थाप मारतो, नाहीतर समोरून येऊन थेट नाकावर हात ठेवतो. दोन्ही वेळी त्याच्या दृष्टीने हात अचानक हवेतून उगवलेला असतो! मग त्याने लाथ झाडली तर त्याला द्वाड म्हणायचं.

डोळ्यांची आणखी एक गोष्ट. उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात गेलं की घोड्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आता डीजेच्या गाडीवरचे ते फिरणारे, लुकलुकणारे दिवे आठवा. कान तर त्याहून तिखट. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाज त्याला येतात आणि दोन्ही कान तो वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो. अशा कानांच्या जनावराला आपण भिंती हादरवणाऱ्या स्पीकरच्या मागे दोन-दोन तास उभं करतो. पळावंसं तर वाटतं, पण पळायला जागा नाही, लगाम घट्ट धरलेला, चारही बाजूंना माणसं. देशी घोडी म्हटली तरी तिचं वजन तीन-चारशे किलो असतं. ती बुजली तर लगाम धरलेल्या एका माणसाच्या ताकदीने आवरणं शक्यच नसतं.

एका वरातीत हे मी स्वतः पाहिलं आहे. पायाशी माळ फुटली, घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नवरदेव खाली आला. नशिबाने हातावर निभावलं. पुढे बसवलेलं पोर त्याच्या मामाने पाच मिनिटं आधीच कडेवर घेतलं होतं, ते झोपलं होतं म्हणून. लोक घोडीवाल्याला शिव्या देत होते. माळ लावणाऱ्याला कोणी काही बोललं नाही.

खरं तर घोडी आधी सांगत असते. कान मागे, मानेला चिकटवून ठेवले म्हणजे राग. कान भराभर चहूकडे फिरतात आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो म्हणजे भीती. शेपूट जोरजोरात आपटणं, नाकपुड्या फुगवणं, जागच्या जागी पाय बदलत राहणं, हा सगळा इशारा. उलट कान सैल, मान खाली आणि खालचा ओठ लोंबता असेल, तर बाईसाहेब निवांत आहेत असं समजावं. वर्गात जसं पोरांच्या चेहऱ्यावरून आज काय चाललंय ते कळतं, तसंच हे. वरातीत लोक मात्र तिची ही चुळबुळ बघून म्हणतात, "पाहा, घोडी कशी नाचते!" दोन पायांवर उभं राहणं ही निसर्गात घोड्याची भांडणातली, खोडीतली नाहीतर भीतीतली हालचाल आहे. बॅंडच्या तालाशी तिचा काही संबंध नाही.

आपल्याला घोडा वाचता येत नाही, पण घोड्याला आपण वाचता येतो, याची एक मजेदार हकीकत आहे. जर्मनीत बर्लिनला विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे मास्तर होते (म्हणजे आमचेच जातभाई). त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून देई. १९०४ साली त्याची तपासणी करायला विद्वानांची समिती बसली, तिला लबाडी काही सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने कोडं सोडवलं. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स हमखास चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा ते टिपून थांबायचा. गणित येत नव्हतं त्याला, पण माणूस येत होता! जो प्राणी केसभर हललेलं डोकं टिपतो, त्याला लगाम धरणाऱ्याची भीती आणि भोवतालच्या दारूड्यांचा धिंगाणा कळत नसेल का?

आपल्या जिल्ह्यातल्या मंडळींना तर यासाठी बर्लिनला जायची गरज नाही. श्री गजानन विजय ग्रंथाच्या नवव्या अध्यायातली गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लाथा झाडणारा, चावे घेणारा, साखळदंडाने बांधावा लागणारा तो घोडा. महाराज जाऊन त्याच्या चार पायांत निजले आणि तो शांत झाला. भाविकांसाठी तो चमत्कारच आहे, मी त्यावर वाद घालत नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की साखळदंडाने जे झालं नाही, ते निर्भय आणि शांत सहवासाने झालं. (मात्र कृपा करून कोणी घोड्याच्या पायांत निजायला जाऊ नका. तो अधिकार महाराजांचाच!)

आपण साध्या माणसांनी काय करावं? घोड्याजवळ जाताना तिरपं, त्याच्या खांद्याच्या दिशेने जावं. आधी आवाज द्यावा, मग मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवावा. डाव्या बाजूने जाण्याची आणि चढण्याची रीत आहे, घोडे त्यालाच सरावलेले असतात. मागून जावंच लागलं तर चांगलं दहा-बारा फूट लांबून वळसा घालावा. दोरी किंवा लगाम हाताला गुंडाळून कधीच धरू नये, घोडा उधळला तर माणूस फरफटत जातो. खाऊ द्यायचा तर तळहात सपाट ठेवावा, बोटांत धरून देऊ नये, आणि तोही मालकाला विचारूनच. घोडा चावला तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवावी आणि सरळ दवाखाना गाठावा. रेबीज आणि धनुर्वात, दोन्हीचं विचारावं. घोडी ठरवायला जाताना तिच्या तोंडाचे कोपरे बघा. तिथे जखमा असतील तर लगाम काटेरी आहे असं समजा. काटेरी लगामाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच मनाई आहे. आणि वैशाखातली वरात असेल तर घोडीच्या पाण्याची बादली वऱ्हाड्यांच्या सरबताइतकीच महत्त्वाची माना. उन्हाळ्यात तिला दिवसाला तीस-चाळीस लिटरहून अधिक पाणी लागतं.

काही जण म्हणतील, मग घोडीच बंद करा ना, कशाला हा खटाटोप? मुंबईत व्हिक्टोरिया गाड्यांवर २०१५ साली उच्च न्यायालयाने बंदी घातलीच होती. पण मला ते इतकं सोपं वाटत नाही. एक तर घोडीवाल्यांचं पोट त्यावर आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत हजारो रुपये, कधी लाखांत मोजून जनावर आणायचं आणि चार महिन्यांच्या हंगामावर वर्षभर त्याला पोसायचं, हा धंदा सोपा नाही. दुसरं कारण जास्त मोठं आहे. या देशात अजून कित्येक गावांत दलित नवरदेवाला घोड्यावर बसू दिलं जात नाही. उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात २०१८ साली एका तरुणाला त्यासाठी लढून, पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागली. ज्याच्या आजोबाला घोड्यावर बसायची बंदी होती, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की आता घोडीच नको? तो मान आहे, तो असू द्यावा. पण डीजेत मान कुठला? आवाजाला तर निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ अशी कायद्याचीच मर्यादा आहे. ती कोण पाळतं, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

म्हणून मधला मार्ग. घोडी हवी असेल तर सनई-चौघडा किंवा साधा बॅंड आणा, तोही घोडीपासून लांब. फटाके नकोत. लहान पोराला पुढे बसवू नका. वरात अर्ध्या तासात आटपा. आणि लगाम मालकाच्याच हातात राहू द्या, हौशी मेव्हण्याच्या नाही. डीजेच हवा असेल तर नवरदेवाने खुशाल मोटारीत बसावं, मोटार बुजत नाही.

आणखी एक. साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ना, ते घोड्याच्या रक्तापासून तयार होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेलं ते प्रतिविष. आपल्या भागात शेतावर राबणाऱ्या कितीतरी घरांवर घोड्याचे हे उपकार आहेत. त्याची फेड करणं आपल्याला जमणार नाही, पण निदान त्याच्या कानाशी स्पीकर लावू नये.

असो. फार लांबलं. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी रागावू नये, आणि पटलं तर घोडीवाल्याशी बोलतानाच या गोष्टी ठरवून घ्याव्यात. तुमच्या गावाकडे काय रीत आहे, कोणी बिनडीजेची वरात काढली आहे का, तेही जरूर कळवा. वाचायला आवडेल.