त्या रात्री नोरा गेली कुठे?

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा मी इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ची गोष्ट सांगितली. नॉर्वेच्या या लेखकाचं नाटक १८७९ साली कोपनहेगनमध्ये रंगमंचावर आलं. आपल्याकडे अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ नावानं आणलं. नवऱ्याची लाडकी नोरा शेवटी दार ओढून घेऊन घराबाहेर पडते, इथवर मी आले, तर एक काकू म्हणाल्या, “ते ठीक गं, पण एवढ्या रात्री गेली कुठे?”

कॉलेजात त्या दाराच्या आवाजावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं! खरं तर घर सोडायची वेळ आलेली बाई भेटली की आम्ही आधी हेच विचारतो, “आज रात्री कुठे झोपशील?”

नोराचा नवरा आजारी होता. त्याला इटलीला न्यायला तिनं ४,८०० क्रोनर कर्ज काढलं. तिथं बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नसे. वडील मरणाला टेकलेले, म्हणून तिनं त्यांची सही स्वतःच ठोकली. तारीख घातली २ ऑक्टोबर, आणि वडील गेले होते २९ सप्टेंबरला! मग कितीतरी वर्षं चोरून हप्ते. स्वतःच्या कपड्यांतून पैसे वाचवायचे, रात्री दार लावून कागद उतरवून द्यायचे. दमायची, पण आपण पुरुषासारखे कमावतोय याची मजाही वाटायची. हे उघड झाल्यावर नवरा म्हणतो, तू मुलं वाढवायच्या लायकीची नाहीस. कागद परत येतो तेव्हा ओरडतो, “मी वाचलो!” मी. आठ वर्षांच्या संसारानंतर!

मुलांना सोडून जाणं मला आजही पटत नाही, खरं सांगते. जर्मनीत तर १८८० साली एका नटीनं तो शेवट करायलाच नकार दिला. इब्सेननं नाराजीनंच तिच्यासाठी दुसरा लिहून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीपाशी खचून थांबते.

पण मूळ नाटकात ती जाते. नवऱ्याची मदत नको म्हणते. वडील नाहीत, म्हणजे माहेर संपलेलं. आजची रात्र ख्रिस्तिनकडे, उद्या आपल्या जुन्या गावी. ख्रिस्तिन तिची जुनी मैत्रीण. विधवा, पदरी मूल नाही, शिल्लक नाही. छोटं दुकान, छोटी शाळा, पडेल ते काम करून जगलेली. राहते त्या खोलीला स्वतंत्र दारसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीत काकूंना हे सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आणि त्या मैत्रिणीचा घरमालक काही बोलला नाही?”